स्विच येईपर्यंत

माझा मामा ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि माणसांवर ओरडतो. चाळीस वर्षं ही दोन्ही कामं तो एकदमच करत आलाय. हातात पाना आला की तोंड सुरू, पाना खाली ठेवला की तोंड बंद. मामी म्हणते, हा माणूस जेवताना इतका गप्प असतो की ताटाशेजारी एखादा पाना ठेवावासा वाटतो.

राग आमच्याकडे आईच्या बाजूने आलाय. आई रागीट, मामा रागीट, आणि मी त्या दोघांची मिळून एक. तेव्हा हे जे सांगतेय ते रागानेच सांगणार आहे. ज्याला गोडीगुलाबीने ऐकायचं असेल त्याने खुशाल दुसरीकडे जावं.

आमचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. तीन ट्रॅक्टर आत उभे राहतील एवढी जागा, तेल पिऊन काळी झालेली जमीन, वर लोखंडी तुळईला साखळीची पुली. भिंतीला खिळे ठोकलेली एक लांब फळी आहे. गिऱ्हाइकांसाठी मागवलेले सुटे भाग आले की खोक्यावर ट्रॅक्टरचा नंबर लिहायचा आणि खोकं पिशवीत घालून तिथे टांगायचं. ते लिहिण्याचं आणि टांगण्याचं काम माझं. सतरा वर्षांपूर्वी नवऱ्याशी फारकत झाली तेव्हा मी इथे नुसती फोन घ्यायला आले होते. पुढे वायरिंगवाला माणूस काम सोडून गेला, त्याची पकड टेबलावर तशीच पडून राहिली, ती मी उचलली. आता बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत सगळं माझ्याकडे. मामाला इंजिनातलं केसाएवढं अंतर कळतं, पण वायर कळत नाही. "ते न दिसणारं काम तुमचं, बाईसाहेब," म्हणतो.

आमच्याकडे येतात ते मधल्या ताकदीचे ट्रॅक्टर. नांगर ओढतील, ट्रॉली ओढतील, मळणीयंत्र फिरवतील. असला ट्रॅक्टर नीट ठेवला तर वीस वर्षं कुरकुर करत नाही, आणि नीट ठेवत कोणी नाही, यावर मामाची रोजीरोटी चालते. तरी त्याला त्याचाच राग. एअर क्लीनरच्या खालची तेलाची वाटी काढायची, त्यात साचलेला चिखल बघायचा आणि ती वाटी मालकाच्या नाकाखाली धरायची. "घ्या श्वास! घ्या की! तुम्हाला नाही घेववत, मग हा बिचारा वर्षभर कसा घेत होता?" मालक मंडळी हसतात. मामाचं ओरडणं ऐकायला मिळालं नाही तर सर्व्हिसिंग नीट झालं असं त्यांना वाटतच नाही, असे ते निर्लज्ज.

ड्रायव्हरवर मात्र तो कधी ओरडत नाही. ट्रॅक्टर आला की आधी ड्रायव्हरला स्टुलावर बसवतो. कुठल्या गियरमध्ये आवाज आला, मागे काय जोडलं होतं, चढ होता का, क्लच दाबल्यावर वाढला की कमी झाला, सगळं शांतपणे विचारतो. मध्येच मालकाने तोंड घातलं की, "तुम्ही बसता का त्याच्यावर? नाही ना? मग गप बसा." या एका गोष्टीसाठी मी मामाला सतरा वर्षं मानत आलेय. आणि याच गोष्टीमुळे पुढे जे झालं ते मला जास्त झोंबलं.

एका ट्रॅक्टरवर शिडी म्हणून ड्रायव्हर होता. उंचच्या उंच माणूस, म्हणून शिडी. खरं नाव त्याच्या बायकोखेरीज कोणी घेत असेल असं वाटत नाही. बोलायला गरीब, कामाला चोख. जमिनीवर उभा राहून, मागच्या चाकाशेजारून हात लांब करून तो ट्रॅक्टरची चावी फिरवायचा. बाकीच्यांना वर चढून बसावं लागतं, याला गरजच नाही. आम्हाला त्याची गंमत वाटायची. मामा म्हणायचा, "याला पायरी लावून कंपनीने लोखंड वाया घालवलं." आम्ही हसायचो. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण असं उभ्या उभ्या चालू करताच येऊ नये अशी सोय प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये असते. क्लचच्या पेडलखाली अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पायाने क्लच पूर्ण दाबला तरच स्टार्टरला वीज मिळते, नाहीतर चावी फिरवत बसा, ढिम्म हलणार नाही. म्हणजे ट्रॅक्टर चुकून गियरमध्ये राहिला असला तरी चालू होताना उडी मारून अंगावर येत नाही. एवढंच त्या स्विचचं काम. स्वस्त, प्लॅस्टिकचा, चिखलपाण्याने हमखास बिघडणारा.

जे झालं त्याच्या सात महिने आधी, ऐन नांगरणीत, शिडीच्या ट्रॅक्टरचा तो स्विच गेला. नवीन यायला आठ-दहा दिवस लागणार होते. मालक बरोबर आला होता. हा मालक कधी आवाज चढवत नाही, मऊ मऊ बोलतो, म्हणून मला त्याचा दुप्पट राग येतो. "मामा, दहा दिवस ट्रॅक्टर उभा ठेवू? लोकांना शब्द दिलाय मी. काहीतरी करा ना. सगळेच करतात."

सगळेच करतात हे खरं होतं. स्विचकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की झालं. मग क्लच दाबा नाहीतर दाबू नका, चावी फिरली की ट्रॅक्टर चालू. मामा दहा मिनिटं ओरडला. स्विचवर पाण्याचा फवारा कोण मारतं, डोकी कुठे ठेवता, वगैरे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जोड. स्विच येईपर्यंत."

मी जोडली. आणि काय जोडली! वायरीची टोकं सोलून, पीळ देऊन, त्यावर कथील लावून, नळी चढवून, टेप गुंडाळून, वर पट्टीने आवळून. कुठे घासू नये, पाणी शिरू नये. कंपनीतून असंच आलंय असं वाटावं इतकं साफ काम. मामाने शिडीपुढे बोट नाचवलं. "आता हा मूर्ख झालाय, लक्षात ठेव. चावी फिरवण्याआधी गियर हाताने हलवून बघायचा. रोज. दर वेळी." शिडी म्हणाला, "हो मामा." खालूनच हात घालून चावी फिरवायची त्याची सवय तेव्हापासूनची.

नवव्या दिवशी स्विच आला. खोक्यावर नंबर लिहिला, फळीवर टांगला, मालकाला फोन केला. "पाठवतो," म्हणाला. आठवड्याने पुन्हा केला. "परवा नक्की." तिसरा फोन मी केला नाही. मामाने एकदा विचारलं, त्या स्विचचं काय झालं. "सांगितलंय त्यांना," मी म्हणाले. तो "हं" म्हणाला. झालं, संपलं.

आणि खरी लाज पुढेच आहे. मध्यंतरी तो ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला येऊन गेला! गर्दीचे दिवस होते, बाहेर रस्त्यावर सहा ट्रॅक्टर रांगेत. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, ग्रीस भरलं, ब्रेक आवळले. फळीपासून तीन हातांवर तो दिवसभर उभा होता. संध्याकाळी शिडीने खालूनच हात घालून चावी फिरवली, ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू झाला, आम्ही पुढच्याला आत घेतलं. झटक्यात सुरू होणाऱ्या ट्रॅक्टरचा स्टार्टर कोण बघतो? मी गचाळ काम केलं असतं तर ती जोडणी महिन्याभरात सुटली असती, ट्रॅक्टर शेतात अडला असता, झक मारत आमच्याकडे आला असता. माझं काम चांगलं होतं म्हणून ते टिकलं. या गोष्टीचा राग कोणावर काढायचा ते मला अजून समजलेलं नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी मालक स्वतः ट्रॅक्टर चालवत आला. ट्रॅक्टर धुतलेला. "सर्व्हिसिंग करून टाका," म्हणाला. "आणि तो स्विच आला असेल ना? तोही बसवा."

मामाने तासांचा मीटर बघितला. "चाळीस तास झालेत मागच्या सर्व्हिसिंगला. अडीचशेला या म्हणून घसा कोरडा केला तर साडेतीनशेला येता, आणि आज चाळीसला? शिडी कुठाय?"

"दवाखान्यात," मालक म्हणाला. तितक्याच मऊपणे. "परवा पाय सापडला त्याचा चाकाखाली."

मामाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मालक सांगत होता. शिडी म्हणतो की मी खाली उभा राहून चावी फिरवली, ट्रॅक्टर गियरमध्ये होता, उडाला आणि मागचं चाक पायावर चढलं. आता उद्या विमा कंपनीचा माणूस ट्रॅक्टर बघायला येणार. जोडलेली वायर त्याला दिसली तर कंपनी हात वर करणार आणि शिडीचं जे काही द्यायचं ते मालकाच्या बोडक्यावर येणार. पण स्विच जागेवर, चालू स्थितीत दिसला तर? तर मग शिडी सांगतो तसं घडूच शकत नाही. मग तो चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारायला गेला असणार. चूक त्याची.

"म्हणजे त्याला खोटा पाडायचा," मी म्हणाले.

"ताई, कोणाला पाडायचं नाही हो. त्याचं मी बघेन ना. कामावरून काढणार नाही, गोदामात बसवेन." मग मामाकडे वळून, "आणि मामा, वायर तुमच्या इथे जोडली. ती निघालेली तुमच्याही भल्याचीच आहे. संध्याकाळी न्यायला येतो."

तो गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी मामाकडे बघत होते, की आता हा फुटेल, आता फुटेल. मामा फळीपाशी गेला आणि स्विचचं खोकं काढलं. वरची धूळ हाताने पुसली.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"स्विच बसवायचाय ना."

"मामा, लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "त्रेसष्ट वर्षांचा आहे मी. ही शेड गेली तर तू कुठे जाशील? मामीला काय सांगू? ट्रॅक्टर कंपनीची पाटी आहे दारावर, ती उतरवतील. पोलीस येतील ते वेगळंच."

"मला पुढे करू नकोस! माझं मी बघेन! चाळीस वर्षं ड्रायव्हरला स्टुलावर बसवून विचारतोस, तुला काय दिसलं, तुला काय ऐकू आलं. आज विचारलंस त्याला?"

शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. आमची भांडणं त्याला नवी नाहीत, पण या वेळी मामाचा आवाज नाही, फक्त माझाच, याचं त्याला नवल वाटलं असावं. मामा खोकं टेबलावर ठेवून म्हणाला, "चल. विचारून येऊ."

दवाखान्यात शिडी पलंगावर मावत नव्हता. चांगला पाय पलंगाच्या टोकाबाहेर आला होता आणि दुसऱ्यावर एवढं मोठं बँडेज. पुढचं अर्धं पाऊल काढून टाकावं लागलं होतं. आम्हाला बघून तो उठायला लागला. मामाने खांदा दाबून त्याला बसवलं, स्टूल ओढलं, आणि विचारलं, "काय झालं? सुरुवातीपासून सांग."

शिडीने सांगितलं. मालकाने सांगितलं होतं तेच, फक्त त्याच्या तोंडून. बांधावर ट्रॅक्टर उभा केला होता. भाकरी खाऊन परत आला, खालूनच चावी फिरवली. एवढंच त्याला आठवत होतं, पुढचं बायकोने सांगितलं. मग त्याने उशीखालून एक कागद काढून मामाच्या हातात दिला. मालकाने आणून दिलेला, त्यावर लिहिलेलं: मी चालत्या ट्रॅक्टरवरून उतरताना घसरलो, चूक माझी, खाली सहीला जागा.

"सही केलीस?" मामाने विचारलं.

"संध्याकाळी न्यायला येणारेत. करतो. चूक माझीच आहे ना, मामा. तुम्ही सांगितलं होतं, गियर हलवून बघ. सात महिने रोज बघितला. देवाशपथ, रोज. त्या दिवशी विसरलो."

आणि मामा फुटला. हातात पाना नसताना त्याचं तोंड सुटलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"विसरणारच! माणूस आहेस, विसरणारच! मी विसरत नाही? ही विसरत नाही? अरे, विसरणाऱ्यासाठीच असतो ना तो स्विच! ज्याला कायम आठवतं त्याला कशाला लागतोय? तो काढून घेतला मी तुझ्याकडून आणि वर तुलाच शहाणपण शिकवलं, गियर बघ म्हणून! आणि तू माझी माफी मागतोस? गाढवा, माझी कॉलर धर! धर की!"

नर्स धावत आली. मामाला बाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर बसून तो नुसता धापा टाकत राहिला, चष्मा छातीवर लोंबत होता. शिडीची बायको माझ्या मागोमाग बाहेर आली. ती एका शाळेत झाडलोट करते, त्याच निळ्या कपड्यांत होती.

"कसला स्विच?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. शिडी घरी असलं काही बोलला नव्हता.

"वायर कोणी जोडली?"

"मी."

"आणि नवीन स्विच तुमच्याकडे आला होता?"

"हो."

"कधीचा?"

"सात महिने झाले."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिने मामाच्या हातातला तो कागद घेतला, घडी घातली आणि आत गेली. काचेतून दिसत होतं, ती शिडीला काहीतरी सांगत होती आणि तो मान हलवत होता. थोड्या वेळाने तिने कागद फाडला.

परत आल्यावर मामाने जॅक लावला, ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलला आणि दोन्ही मोठी चाकं काढून भिंतीला उभी केली. वायर तशीच, स्विच खोक्यात तसाच. संध्याकाळी मालक आला तेव्हा ट्रॅक्टर लाकडी ठोकळ्यांवर बसला होता.

"हे काय?"

"सर्व्हिसिंग चाललंय," मामा म्हणाला. "बेअरिंग बघतोय. उद्या तुमचा विमेवाला इथेच येऊन बघेल. जे आहे ते बघेल."

"मामा, नीट विचार करा. यात तुम्ही बुडाल."

"बुडेन. तुम्हाला हात धरायला सांगितलंय का?"

मालक त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलला. काय बोलला ते सोडा. माझ्या मनाला मात्र फार गारवा वाटला.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस आला. सरळ माणूस. गुडघे टेकून क्लचखाली वाकला, टॉर्च मारली, फोटो काढले. "काम छान केलंय," असं नकळत बोलून गेला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कागद काढून विचारलं, "ही वायर कोणी जोडली?"

"मी," मामा म्हणाला.

"मी," मी म्हणाले. "याला वायर कळत नाही, साहेब. याला फ्यूज बदलता येत नाही."

"तू गप. माझं गॅरेज, मी सांगितलं म्हणून जोडली."

"मग तसं सांग ना! मी जोडली म्हणून काय सांगतोस?"

त्याने दोघांची नावं लिहिली. मग मामाला विचारलं, "यात धोका आहे हे माहीत होतं?"

"होतं."

"मग का जोडली?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मामाकडे उत्तर असतं, आणि लांबलचक असतं. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "सीझन होता."

त्या माणसाने ते तसंच लिहिलं. पेन बंद केलं. उठता उठता, कागदासाठी नव्हे, सहज विचारल्यासारखं म्हणाला, "असे अजून किती ट्रॅक्टर सोडलेत तुम्ही?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी कपाटातून कामाची वही काढली. मी ज्या ज्या वेळी जोडून दिलं त्या त्या वेळी समोर लिहिलं होतं, स्विच येईपर्यंत. स्विच बसवला की त्यावर रेघ मारायची. रेघ नसलेले नऊ निघाले. नऊ! काहींचे स्विच तर फळीवरच लटकत होते. हा प्रश्न आम्हाला परक्या माणसाने विचारावा लागला.

शिडीचं म्हणणं खरं धरलं गेलं. विम्याने हात वर केले, मालकावर कायद्याने जे यायचं ते आलं, आमच्यावर जे यायचं ते येतंय अजून. कंपनीची पाटी उतरली, तिच्या जागी पत्र्यावर चार भोकं राहिली आहेत. मामीने एकच वाक्य म्हटलं, "झोप तरी लागेल आता," आणि तीही लागत नाही म्हणा.

मामाने त्या नऊ जणांना फोन केले. सगळ्यांचं एकच, आणतो मामा, सीझन संपला की आणतो. मामाने फोन टेबलावर आपटला. "आपणच जायचं," म्हणाला. मग दोन दिवस आम्ही त्याच्या मोटरसायकलवरून शेतं पालथी घातली. मागे मी, मांडीवर पिशवी, पिशवीत स्विच आणि पकड. आठ ठिकाणी स्विच बसवले. एकाने चहा दिला, एकाने विचारलं की आज काय डोक्यावर पडलात का दोघं, एकाने सरळ हाकलायचा प्रयत्न केला, पण मामाने चावीच काढून घेतली.

नववा ट्रॅक्टर पेरणीवर होता आणि त्याला लागणारा स्विच आमच्याकडे नव्हता. चार दिवसांनी येणार होता. त्याचा मालकच तो चालवत होता, दांडगा माणूस, घामाने निथळलेला. उतारावर ट्रॅक्टर बंद करून तो खाली आला. मी तोवर क्लचखाली वाकून माझी जोडणी शोधली होती. मामाने त्याला सगळं सांगितलं. शिडीचं, पायाचं, सगळं.

"बरं, मग चार दिवसांनी स्विच घेऊन या, तेव्हा काढा."

"आज काढायची," मामा म्हणाला. "चार दिवस ट्रॅक्टर उभा राहील."

"चार दिवस? मातीतली ओल जाईल माझ्या! अर्धं रान पेरायचं राहिलंय, दिसत नाही? वेड लागलंय का, म्हाताऱ्या?"

"कळतंय मला."

"काय कळतंय? तुझं काय जातंय?" आणि त्याने मामाची कॉलर धरली. मामा चवड्यांवर उचलला गेला. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलं नाही, तो हात खाली सोडून उभा राहिला. त्याच्याकडे न बघता मला म्हणाला, "काप."

मी कापली. चांगली आवळलेली होती, पकड दोनदा दाबावी लागली.

त्या माणसाने मामाला ढकलून दिलं, तरातरा ट्रॅक्टरपाशी गेला आणि चाकाला चिकटून उभा राहून, खालूनच हात घालून त्याने चावी फिरवली. टक् झालं नाही, काही झालं नाही. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली. ट्रॅक्टर जागचा हलला नाही.

ट्रॅक्टर गियरमध्येच होता. मी बघितलं, मामानेही बघितलं. त्याने नाही बघितलं. तो आम्हाला आईबापावरून शिव्या देत राहिला, आणि आम्ही दोघं तिथे उभे राहून त्या ऐकत राहिलो.